त्या कॅसेटमधल्या ओव्या मोबाइलवर मिळत नाहीत

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत बंद पडलेल्या कॅसेट-सीडीच्या दुकानांवर लेख आला होता. मनापासून लिहिलेला होता, वाचताना बरं वाटलं. पण दुकानं गेली तरी गाणी कुठं गेली नाहीत, सगळं आता मोबाइलवर आहे, असं त्यात शेवटी म्हटलं होतं, ते आठवडाभर टोचत राहिलं. सांगलीत हरभट रोडलगतच्या एका बोळात मी १९८४ ते २०१४ अशी तीस वर्षं कॅसेटचं दुकान चालवलं. सगळं मोबाइलवर नाही. पुष्कळसं कुठंच नाही, आणि जे थोडं उरलंय ते माझ्यासारख्यांच्या माळ्यावर धूळ खात पडलंय. त्यासाठीच हे पत्र.

दुकान म्हणजे दहा बाय बाराचा गाळा. समोर काचेचं काउंटर, मागं छतापर्यंत लाकडी रॅक, कोपऱ्यात दोन कॅसेट बसणारा डबल डेक. डाव्या हाताला हिंदी सिनेमा, मधे नाट्यगीतं, भावगीतं, अभंग, उजवीकडं शास्त्रीय. सांगली ही नाट्यपंढरी. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली इथंच नाटक उभं केलं. त्यामुळं नाट्यगीतांचा रॅक मला कधी रिकामा ठेवता आला नाही. आणि सगळ्यात खाली, गुडघ्याच्या उंचीवर, एक लांब फळी होती. तिला आम्ही 'गावाकडचा रॅक' म्हणायचो.

त्या फळीवर धनगरी ओव्या, भारुडं, तमाशाचे वग, गोंधळ्यांची गाणी, कीर्तनं, भीमगीतं, जत भागातली कानडी भजनं. हरिपाठ आणि प्रल्हाद शिंद्यांची भक्तिगीतं बारमाही खपायची. ती कंपन्यांची, ती आजही मिळतात. पण फळीवरच्या निम्म्या कॅसेट कंपन्यांच्या नव्हत्याच. गावातली मंडळी वर्गणी काढायची, कोल्हापूरला नाहीतर पुण्याला एखाद्या स्टुडिओत जाऊन एका दिवसात रेकॉर्डिंग उरकायची, पाचशे-हजार प्रती काढायची आणि यात्रेच्या आधी माझ्यासारख्याकडं आणून टाकायची. बिल नाही, पावती नाही. वहीत नाव लिहायचं आणि खपेल तसे पैसे द्यायचे.

१९९३-९४ ची गोष्ट असेल. कवठेमहांकाळकडचे एक ओवीकार आरेवाडीच्या बिरोबाच्या यात्रेआधी आले. खांद्यावर घोंगडं, हातात खताची पिशवी, पिशवीत दोनशे कॅसेट. म्हणाले, "मालक, ठिवून घ्या. खपल्या तर पैसं द्या, न्हाय खपल्या तर परत न्हेतो." मी एक डेकवर लावली. ढोलाचा पहिला ठेका पडला तसा समोरच्या भांड्यांच्या दुकानातला हमाल येऊन पायरीवर बसला. एक बाजू संपेपर्यंत हलला नाही. संपल्यावर म्हणाला, "पालटा की." मी एक प्रत बाजूला ठेवली होती, तेवढीच राहिली, बाकी सगळ्या यात्रेच्या आठवड्यात गेल्या. पुढच्या वर्षी ते आले नाहीत, त्याच्या पुढंही नाहीत. आज मोबाइलवर ओव्या शोधल्या तर पुष्कळ सापडतात, तरुण पोरं फार छान गातात. पण तो आवाज, ती चाल, बिरोबाच्या जन्माची त्यांनी लावलेली ती कथा सापडत नाही. नातवाला शोधायला लावलं, त्यालाही नाही सापडली.

लेखात म्हटलंय की मोबाइलनं दुकानं मारली. मला वाटतं आमच्या धंद्याचा हिशोब इतका सरळ नाही. मी धंद्यात आलो तोच मुळी स्वस्त कॅसेटमुळं. ऐंशीच्या दशकात गुलशन कुमार यांच्या टी-सीरीजनं कॅसेट इतकी स्वस्त केली, की एचएमव्हीची तबकडी ज्यांनी कधी हातात धरली नव्हती ते शेतमजूरही बाजारच्या दिवशी कॅसेट मागायला आले. ते माझे पहिले गिऱ्हाईक. मग २००० च्या आसपास एमपीथ्री सीडी आली. एका सीडीत दीडशे गाणी, एसटी स्टँडबाहेर हातगाडीवर तीस रुपयांना. गाडीवाल्याला ना भाडं, ना कर, ना कंपनीचे पैसे. २००७ मध्ये मोझर बेअर या कंपनीनं सिनेमाची व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना काढली. ते कायदेशीर होतं आणि गिऱ्हाइकाच्या फायद्याचं होतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण २८ रुपयांच्या मालावर गाळ्याचं भाडं निघत नाही. त्यानंतर मेमरी कार्ड. मोबाइलच्या दुकानांवर 'गाणी भरून मिळतील' अशा पाट्या लागल्या, वीस रुपयांत पोरं कार्ड भरून न्यायला लागली. २०१६ साली इंटरनेट स्वस्त झालं, तोवर माझं शटर पडून दोन वर्षं झाली होती.

एक कबुली द्यायलाच हवी. गिऱ्हाइकानं यादी आणली की आम्हीही कोऱ्या कॅसेटवर निवडक गाणी भरून द्यायचो. साठ मिनिटांच्या कॅसेटचे वेगळे पैसे, नव्वदच्या कॅसेटचे वेगळे. ते कायद्यात बसणारं नव्हतं, आणि गाणाऱ्याला त्यातला पैसाही मिळत नव्हता. नुसतं हातगाडीवाल्याकडं बोट दाखवणं मला जमणार नाही.

शेवटचा घाव मात्र आतून बसला. २०१० मध्ये एका कंपनीच्या वितरकानं न खपलेला माल परत घेणं एका दिवसात बंद केलं. पंचवीस वर्षांचा व्यवहार, तोंडी ठरलेलं. माझ्याकडं कागद नव्हता. ऐंशी हजारांचा माल अंगावर पडला. तो फेडायला मला तीन वर्षं लागली आणि त्यानंतर दुकान चालू ठेवायची ताकद उरली नाही.

मुंबईत काळा घोड्याजवळचं रिदम हाऊस हे गाण्यांचं दुकान २०१६ च्या फेब्रुवारीअखेर बंद झालं तेव्हा सगळ्या पेपरांत आलं, आणि यायलाच हवं होतं. मुंबईला माल आणायला गेलो की मी तिथं तासभर तरी रेंगाळायचो. पण इस्लामपूर, विटा, तासगाव, पंढरपूर, बार्शी अशा गावांतली दुकानं कधी बंद झाली हे कुणाला कळलंही नाही. गावाकडचा रॅक तर याच दुकानांत होता.

दुकानाबरोबर आणखी काय गेलं ते सांगतो. कॅसेटच्या आतला कागद. बोटभर रुंदीच्या त्या घडीत गीतकार, संगीतकार, राग, ताल, तबल्यावर कोण, हार्मोनियमवर कोण, रेकॉर्डिंग कुठलं, हे सगळं बारीक अक्षरांत असायचं. मी शास्त्रीय संगीत शिकलेलो नाही. पण तो कागद वाचून वाचून मला कुठली साथ कुणाची हे कळायला लागलं, आणि मिरजेचे तंबोरे करणारे कारागीर दुकानात येऊन बसले की त्यांच्याशी दोन वाक्यं बोलता यायला लागली. आता नाट्यगीत लावलं तर गायकाचं नाव येतं, बरोबर असेल तर. पद कुणाचं, चाल कुणाची, काही नाही. एकाच भजनाला तीन ठिकाणी तीन गायकांची नावं मी स्वतः पाहिली आहेत. ज्या तबलजीनं आयुष्यभर साथ केली, त्याचं नाव मुलाबाळांना दाखवायला एक तो कागदच होता.

आता पुराचं. दुकान बंद केलं तेव्हा उरलेला माल चौदा खोक्यांत भरला. अकरा खोकी घराच्या तळमजल्यावर, तीन माळ्यावर. २००५ च्या पुराच्या पाण्याची खूण भिंतीवर होती, तिच्या हातभर वर फळ्या मारून मी खोकी ठेवली होती. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी तिथं ४५ आहे. आम्ही मिरजेला नातेवाइकांकडं गेलो होतो. परत येऊन दार ढकललं तर आत गुडघाभर चिखल. खोकं उचललं की तळ सुटायचा आणि कॅसेट चिखलात घसरायच्या. त्याच पुरात आमच्या नगर वाचनालयाची हजारो पुस्तकं भिजली, त्या दुःखापुढं माझी खोकी काहीच नाहीत. तरी सांगतो, मी त्या दिवशी चिखलात बसून रडलो.

थोड्या वाचवायचा प्रयत्न केला. कॅसेटचे पाच स्क्रू काढायचे, फितीची गुंडाळी अलगद उचलायची, बॅटरीत घालायच्या शुद्ध पाण्यात धुवायची आणि सावलीत फडक्यावर वाळवायची. मग दुसऱ्या चांगल्या कवचात बसवायची. साठ मिनिटांच्या कॅसेटमध्ये पंचाऐंशी-नव्वद मीटर फीत असते, कुठंही वळ पडला की तिथं आवाज बुडतो. तुटली तर साधी चिकटपट्टी चालत नाही, तिचा गोंद पुढच्या वेढ्याला लागतो. महिनाभर हेच केलं. कितीतरी धुतल्या, त्यातल्या आठ वाजल्या. आठव्या कॅसेटमध्ये तासगावकडच्या एका भजनी मंडळाची काकड आरती होती, आणि पहाटेचं रेकॉर्डिंग असल्यानं मागं कोंबडा आरवल्याचं ऐकू येत होतं. बायको स्वयंपाकघरातून बाहेर येऊन ऐकत उभी राहिली.

माळ्यावरची तीन खोकी मात्र कोरडी राहिली. तो योगायोग नव्हे. गावाकडचा रॅक मी मुद्दाम वर ठेवला होता, कारण तो पुन्हा मिळण्यासारखा नाही हे माहीत होतं. मोजून ४१२ कॅसेट आहेत, पुरातून वाचलेल्या आठ वेगळ्या.

याचं आता काय करायचं? मी काही वर्षांत दोन-तीन ठिकाणी विचारलं. एका ठिकाणी म्हणाले, कॉपीराइटची भानगड आहे, आम्ही हात लावत नाही. म्हणून वकील असलेल्या भाच्याकडून कायदा समजून घेतला. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली. तिच्यानुसार, नफ्यासाठी न चालणाऱ्या सार्वजनिक ग्रंथालयाकडं एखाद्या कृतीची डिजिटल नसलेली प्रत आधीपासून असेल, तर जतन करण्यासाठी ती डिजिटल रूपात साठवून ठेवायला मुभा आहे. कलम ५२ मध्ये तसं लिहिलेलं आहे. शिवाय ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीपासून साठ वर्षांचा असतो. तो संपला की ते ध्वनिमुद्रण सगळ्यांचंच होतं, गीताचा आणि चालीचा हक्क मात्र वेगळा असतो. म्हणजे आज जतन करून ठेवायचं आणि पुढं मुदत संपल्यावर किंवा कलाकारांच्या घरच्यांची परवानगी घेऊन ऐकवायचं, हा रस्ता खुला आहे. कुणी तरी ती कॅसेट आधी ग्रंथालयाच्या दप्तरात नोंदवून घ्यायला हवी, एवढंच.

महाराष्ट्रात १९६७ च्या कायद्याखाली मान्यता असलेली अकरा हजारांच्या आसपास सार्वजनिक ग्रंथालयं आहेत. सगळ्यांनी हे करावं असं मी म्हणत नाही. दर जिल्ह्यात सरकारी वर्गवारीतल्या एका 'अ' वर्गाच्या ग्रंथालयानं एक कपाट, एक चालू स्थितीतला टेपरेकॉर्डर आणि एक संगणक एवढं केलं तरी पुरे. काम सोपं आहे पण घाईनं होत नाही. एक तासाची कॅसेट भरून घ्यायला एक तासच लागतो, आणि तो तास कुणी तरी जवळ बसून ऐकावं लागतं, फीत कुठं अडकते का बघावं लागतं. आमच्या जिल्ह्यात कुणी हे करणार असेल तर माझे रोजचे चार तास मी द्यायला तयार आहे, मोबदला नको. दोन डेक माझ्याकडं दुरुस्त करून ठेवलेले आहेत, रबराचे पट्टे नवीन घातलेत.

आणि बंद झालेल्या दुकानांच्या मालकांना, त्यांच्या मुलांना, आपल्या वृत्तपत्रामार्फत हात जोडून विनंती आहे. माळ्यावरचं खोकं भंगारात घालण्याआधी उघडून बघा. सिनेमाची गाणी खुशाल द्या, ती सगळीकडं आहेत. ज्या कॅसेटवर कंपनीचं नाव नाही, नुसतं गावाचं किंवा मंडळाचं नाव आहे, कव्हरवर स्टुडिओत काढलेला एका रंगातला फोटो आहे, ती बाजूला काढा. ती कदाचित शेवटची असेल.

माझी घाई यासाठी, की माळ्यावर दमट असतं. गेल्या पावसाळ्यात सतरा कॅसेटच्या फितीवर पांढरी बुरशी दिसली, मऊ ब्रशनं झटकून उन्हाच्या कडेला ठेवल्या. यंदाचा पाऊस सुरू होण्याआधी कुणी ग्रंथालय त्या न्यायला आलं तर फार बरं होईल. खोक्यांवर तालुक्यांची नावं लिहून ठेवली आहेत, वही सोबत देईन.

आपला,
एक निवृत्त कॅसेट दुकानदार, सांगली