ग्रीस नको, आधी वात बघ

कोल्हापूर,
रविवार, रात्री

प्रिय दोस्ता,

स. न. वि. वि.

"उद्या ग्रीस मारतो नि चालू करून बघतो," असं तू फोन ठेवता ठेवता म्हणालास आणि माझी झोप उडाली. काकांचं ते नऊ इंची साऊथ बेंड लेथ मशीन अजून चालू करू नकोस, बाबा.

त्याच्या स्पिंडलला, म्हणजे काम फिरवणाऱ्या मुख्य आसाला, बॉल बेअरिंग नाही. हेडस्टॉकच्या, म्हणजे स्पिंडल धरणाऱ्या डाव्या डोक्याच्या, बिडातच भोक तासलंय आणि स्पिंडल थेट त्यात फिरतो. मध्ये फट किती? एक थाउच्या, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागाच्या आसपास, म्हणजे केसाच्या जाडीपेक्षाही कितीतरी कमी. त्या फटीतलं तेल नुसतं ओशटपणासाठी नसतं, सगळा भार तेच उचलतं. १८८३ च्या सुमारास इंग्लंडमध्ये ब्यूशँप टॉवर नावाचा इंजिनिअर रेल्वेच्या आसाच्या बेअरिंगवर प्रयोग करत होता. तेल घालायला त्यानं बेअरिंगच्या माथ्यावर भोक पाडलं, तर तेल आत जायचं सोडून त्यातून वर यायला लागलं! बूच मारलं, ते निघालं. लाकडाची खुंटी ठोकली, तीही सरकत बाहेर आली. फिरणारा आस स्वतःच तेल ओढून चिंचोळ्या फटीत दाबतो आणि त्या दाबावर तरंगतो. याचं गणित ऑस्बर्न रेनॉल्ड्सनं १८८६ साली मांडलं. गणित मला झेपत नाही, पण स्पिंडलच्या टोकाचा, काम पकडणारा चक हातानं फिरवला की ती खुंटी हमखास आठवते.

आता तुझ्या मशीनमध्ये तेल वर कसं चढतं ते बघ. बेअरिंगच्या खाली तेलाची खोबण आहे. तिच्यात लोकरीच्या फेल्टची वात असते, खालून स्प्रिंगनं स्पिंडलला टेकवलेली. समईत तेल वातीतून चढतं तसंच इथेही. समईत कुणी ग्रीस घालतं का? माझ्या मशीनमध्ये आधीच्या मालकानं भरलं होतं. वाती खारकेसारख्या कडक झाल्या होत्या. रॉकेलमध्ये रात्रभर भिजवूनही सुधारल्या नाहीत, नव्याच घातल्या.

आणि तिथे मी माती खाल्ली. वात खाली दाबून बारीक तारेनं अडकवून ठेवायची, मग स्पिंडल आत सरकवायचा, एवढंच काम. मी घाईत तार न लावताच सरकवला आणि पुढची वात कातरली गेली. पुन्हा सगळं उघडलं. बायको म्हणाली, "आता मशीनच जेवायला वाढेल."

तेल पातळच हवं. स्पिंडल ऑइल, व्हीजी २२, म्हणजे ४० अंश सेल्सिअसला २२ सेंटिस्टोक (तेलाच्या दाटपणाचं माप). मी इचलकरंजीहून आणलं. तिकडे सूतगिरण्यांच्या चात्यांना असलंच तेल लागतं, त्यामुळे दुकानदारानं 'कशाला' म्हणून विचारलंही नाही. मोटरसायकलचं उरलेलं इंजिन ऑइल घालायचा मोह तुला होणार, मी ओळखतो तुला. ते जाड असतं, वातीतून सावकाश चढतं, वेगात स्पिंडल तापवतं. शिवाय त्यातलं डिटर्जंट कचरा तरंगत ठेवतं. गाडीत तो फिल्टरमध्ये अडकतो, इथे फिल्टर कुठाय?

तेल भरलं की लगेच बटण दाबू नकोस. वाती भिजायला रात्र जाऊ दे. सकाळी पट्टा काढून हातानं फिरव, मग सगळ्यात कमी वेगावर अर्धा तास चालव आणि हेडस्टॉकवर तळवा ठेव. कोमट लागलं तर ठीक. हात ठेववत नसेल तर बंद कर आणि मला फोन कर, कितीही वाजले असले तरी.

हां, एक राहिलंच. पायऱ्यांच्या पुलीत एक छोटा स्क्रू आहे. तो काढून त्या भोकातही तेल सोड. बॅक गिअर, म्हणजे वेग कमी करणारी दातेरी चाकं, लावला की पुली स्पिंडलवर मोकळी फिरते, आणि ते भोक सगळे विसरतात. काकाही विसरले असतील, पुली हलवून बघ.

बेडवर, म्हणजे मशीनच्या लांब पाट्यावर, टेलस्टॉकच्या म्हणजे उजव्या टोकाला नंबर ठोकलेला असतो. तेवढी जागा घासून फोटो पाठव. माझ्या मशीनपेक्षा तुझं जुनं निघालं तर मिसळ माझ्याकडून.

तुझाच,
उद्यमनगरवाला