कागद भिजला नाही ना?

चि. सई, अनेक आशीर्वाद.

काल रात्री तू न जेवता निघालीस. पाऊस कोसळत होता आणि आपल्या घरातल्या जुन्या मोडी पत्राचा तो कागद तुझ्या सॅकमध्ये. एसटी गळत नव्हती ना? तुझ्या आधी कागदाची चौकशी करतो म्हणून आई माझ्यावर रागावली आहे.

पेशवाईतली ती रीतच होती, त्यात वाईट आहे हे तेव्हा कुणाला कळत नव्हतं, हे अण्णाचं म्हणणं मला पटलेलं नाही. तेव्हा घरोघरी कुणबिणी, म्हणजे विकत घेतलेल्या दासी, असायच्या हे खरं, पेशवे दप्तरात त्यांच्या खरेदीच्या नोंदी आहेतच. पण १६७७ साली शिवाजी महाराजांनी कर्नाटकातल्या, म्हणजे आजच्या तमिळनाडूकडच्या, मुलखात डचांना लेखी कौल दिला, त्यात माणसांची खरेदी-विक्री बंद केली होती. आपलं पत्र त्यानंतर शंभरेक वर्षांनी लिहिलेलं. म्हणजे हे वाईट आहे, हे कळत होतं. मी हे त्याच्या तोंडावर बोलायला हवं होतं. बोललो नाही.

आणखी एक सांगायचं राहिलं. पत्रातली ती ओळ मी १९८८ सालीच वाचली होती. तुपाची घागर पोचली, कुणबीण विकली, त्या पैशात मुंज उरकली, तिची पोर घरीच ठेवून घेतली. लगेच 'बहुत काय लिहिणे'. तुपाचं वजन दिलंय, बाईचं नाव दिलेलं नाही. मी जुन्या पत्रांचा तो रुमाल, ते कापडी गाठोडं, बांधला आणि माळ्यावर टाकला.

तुला मोडी मीच शिकवली. नऊ वर्षांची होतीस. म्हणालीस, बाबा, सगळी अक्षरं दोरीवर वाळत घातलीत. परवा तीच तू सगळ्यांसमोर ती ओळ न अडखळता वाचलीस. कागद धरलेला हात थरथरत होता. मला फार अभिमान वाटला गं, आणि धस्सही झालं, की ही पोर आता पुढच्या गणपतीला घरी येते की नाही.

घडी सारखी उलगडू नकोस, ओलसर कागद तिथेच फाटतो.

छापायचं तर अख्खं पत्र छाप, मागचापुढचा मजकूर तोडू नकोस. सालं तपासून घे. १८४३ च्या कायद्याने गुलामीचा कोर्टातला आधार गेला, गुन्हा ठरली ती दंडसंहितेने, १८६२ पासून. झाली माझी मास्तरकी सुरू. माफ कर, हे तुला माझ्याआधी ठाऊक आहे.

आज सकाळी रुमाल पुन्हा सोडला. मागे राहिलेल्या त्या पोरीचं पुढे कुठे काही येतंय का, ते बघतोय. सहा पत्रं झाली, चाळीसेक उरलीत. बोरूचं बारीक अक्षर आता मला लागत नाही.

कागद प्लॅस्टिकमध्ये ठेवू नकोस, घाम धरतो. पोचलीस की जेव आणि कळव.

बाबा