ताईंना धक्का लागू न देणाऱ्या दादांना

दादा,

तुमचं नाव मला माहीत आहे, पण इथे लिहीत नाही. "नावबिव कशाला, मॅडम," असं तुम्हीच म्हणालात. गेल्या पावसाळ्यात घोडबंदर रोडवरच्या एका रुग्णालयातून आमच्या मैत्रिणीला शववाहिनीतून जवाहरबागेच्या स्मशानात घेऊन आलेले ते तुम्ही, एवढी ओळख पुरे.

तुम्ही यायच्या आधी आमचं काय झालं होतं, ते तुम्हाला ठाऊक नाही. काउंटरवर उत्तर मिळालं, "मैत्रिणी चालत नाहीत, नातेवाईक आणा." तिने लग्न केलं नव्हतं, एकुलता भाचा परदेशात. त्याचा फोन लागेपर्यंत आम्ही साठी उलटलेल्या बायका तिथल्या खुर्च्यांवर बसून. बिल भरायला मात्र मैत्रिणी चालल्या! मग "बॉडी" कचऱ्याच्या लिफ्टने खाली. मोठ्या लिफ्टने न्या म्हटलं, तर इतर पेशंटच्या माणसांना बरं वाटत नाही म्हणे. एका खासगी ॲम्ब्युलन्सवाल्याने जो आकडा सांगितला तो मी मुद्दाम पुन्हा विचारला, तर म्हणतो, पावसाचे वेगळे. जाऊ दे.

आणि मग तुम्ही आलात. मी पुढे तुमच्या शेजारी बसले होते. घोडबंदर रोडचे पावसाळ्यातले खड्डे ठाणेकराला सांगायला नकोत, त्यात मेट्रोच्या कामाने रस्ता निम्मा झालेला. मागून हॉर्नवर हॉर्न. काठोकाठ भरलेलं दुधाचं पातेलं मांडीवर घेतल्यासारखी तुम्ही गाडी चालवत होतात. खड्डा दिसला की आधीच वेग कमी, मग एक चाक हळूच आत, मग दुसरं. माजिवड्याच्या अलीकडे एक मोठा खड्डा पाण्याने भरलेला होता, तो चुकला नाही. गाडी दणकन आपटली, तर तुम्ही मागे वळून म्हणालात, "ताईंना लागलं वाटतं." मी म्हटलं, "दादा, आता तिला काय लागणार?" तुम्ही म्हणालात, "माहितीये ओ. तरी पण."

सकाळपासून तोपर्यंत मी रडले नव्हते.

मग तुम्ही विचारलंत, ताई काय करायच्या? मला धड उत्तर देता आलं नाही. बँकेत होती, एवढंच काहीतरी बोलले. ते खरं आहे, पण ते तिच्याबद्दल सांगण्यासारखं काहीच नाही. २००१ मध्ये बँकांमध्ये स्वेच्छानिवृत्तीची लाट आली, तेव्हा पंचेचाळिसाव्या वर्षी हिने आनंदाने अर्ज टाकला. सगळे म्हणाले, वेडी आहेस. ही म्हणाली, हो. त्यानंतर तिने मनगटावर घड्याळ बांधलं नाही. नौपाड्यातल्या तिच्या घराला कुलूप दिसलं की ओळखायचं, बाई येऊरला किंवा थेट हिमालयात. शेवळं, टाकळा, कंटोळी घेऊन बाजारात बसणाऱ्या आदिवासी बायकांशेजारी फतकल मारून बसायची. भाव करायला नव्हे, भाजी कशी करायची ते विचारायला. पावसाळाभर आमच्या घरांत तिने पोचवलेल्या रानभाज्या, आणि त्या निवडताना आमच्या तिला शिव्या. शेवळांनी माझा घसा खाजला तेव्हा पोट धरून हसली होती.

येऊरच्या डोंगरावर कारवी आठ वर्षांनी एकदा फुलते. २०१६ ला तिने आम्हाला चिखलातून ओढत नेलं होतं. २०२४ ला गुडघे दुखतात म्हणून आम्ही बहाणे करत होतो, तरी नेलंच. जांभळ्या फुलांनी भरलेल्या उतारावर उभी राहून म्हणाली, "२०३२ ला मी शहात्तरची. आत्ताच तारीख अडवून ठेवा." आता ती नाही, आणि तारीख आमच्या गळ्यात आहे.

आणखी एक सांगते, म्हणजे तुम्हाला ती नेमकी कळेल. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी आली. दरवर्षी त्या दिवशी ही ठाणे स्टेशनवर पेढ्यांचा पुडा घेऊन जायची. तिकीट खिडकीवर, हमालांना, झाडूवाल्यांना, सापडेल त्या मोटरमनला. "आमच्याकडे गाडी आली त्याचे पेढे." लोक गोंधळायचे, पण पेढा कोण नाकारतो? रेल्वेच्या एका जवानाने एकदा बॅग तपासायला घेतली, त्यालाही दोन पेढे आणि चौतीस किलोमीटरच्या त्या पहिल्या प्रवासाची गोष्ट.

तिच्या सोसायटीत हेच सगळं "तऱ्हेवाईक" म्हणून खपत असे. जिन्यात चिखलाचे बूट ठेवते म्हणून तिला नोटीस देणारे गृहस्थ ग्रुपवर हात जोडलेल्या चित्रांची रांग लावून मोकळे झाले. स्मशानात त्यांच्यापैकी एकही फिरकला नाही. तुम्ही मात्र गाडी लावून थांबलात. थांबायची गरज नव्हती. खांदा द्यायला माणसं कमी पडत होती, तेव्हा न बोलता पुढे झालात.

तुमच्यासारखी माणसं असतात, हे तिचं पहिल्यापासून म्हणणं. आम्ही तिला भाबडी म्हणायचो. या वादात ती जिंकली, आणि हे सांगायला ती समोर नाही याचा मला राग येतो.

त्या दिवशी चहाचेसुद्धा पैसे तुम्ही घेतले नाहीत. म्हणून आता चहाचं नाव काढत नाही. १६ एप्रिलला सकाळी आम्ही सगळ्या ठाणे स्टेशनवर पेढे घेऊन असू, वाटायचं काम आता आमच्याकडे आलं आहे. ड्यूटी नसेल तर या, आणि घरच्यांनाही आणा. पुडा मोठा घेतो आहोत.

तुमची,
त्या ताईंची मैत्रीण