मारताना काय बोलले, तेही लिहून घ्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

द्वेषातून होणाऱ्या गुन्ह्यांचा अभ्यास व्हायला हवा, असं आपल्या रविवारच्या पुरवणीत वाचलं. व्हायलाच हवा. पण अभ्यास करणार कशावरून? मी जिल्हा न्यायालयाबाहेर अर्ज टाइप करून देतो. लोक एफआयआरची प्रत घेऊन येतात. माणूस काय सांगतो आणि कागदावर काय उतरलंय, दोन्ही समोर असतं.

मागच्या पावसाळ्यात सिन्नरकडच्या खेड्यांत मोटारसायकलवर चादरी विकणारा एक जण आला. उजवा हात प्लास्टरमध्ये. सहा-सात जणांनी अडवलं, आधी नाव विचारलं, मग आधार कार्ड मागितलं, मग ‘या गावात परत दिसायचं नाही’ म्हणत बदडलं. एफआयआरमध्ये काय, तर गाडी बाजूला घेण्यावरून बाचाबाची! हाताचं दुखणं बाजूला ठेवून तो एकच विचारत होता, ‘भाऊ, नाव विचारल्याचं का नाही लिहिलं?’

त्याचा प्रश्न कायद्याला धरूनच होता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ११७(४) आहे. पाच किंवा जास्त जणांनी मिळून जात, समाज, भाषा, जन्मस्थान, श्रद्धा अशा कारणावरून गंभीर दुखापत केली, तर प्रत्येकाला सात वर्षांपर्यंत कैद. हाड मोडलं की दुखापत गंभीरच. पण कारणच लिहिलं नाही तर कलम लागणार कसं? आणि कलम नाही तर आकडा कुठला? निदान ॲट्रॉसिटीच्या, म्हणजे अनुसूचित जाती-जमातींवरच्या अत्याचाराच्या गुन्ह्यांचं तरी तसं नाही. तपास पोलीस उपअधीक्षकाच्या खाली जात नाही, एनसीआरबीच्या (देशभरातल्या गुन्ह्यांची आकडेवारी ठेवणाऱ्या केंद्रीय विभागाच्या) अहवालात तक्ते वेगळे येतात. झुंडबळींची मात्र वेगळी आकडेवारी ठेवली जात नाही, असं सरकारनेच २०२१ मध्ये संसदेत सांगितलं होतं.

आणखी एक. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, मुलं पळवणारे समजून, नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने मारून टाकलं. (संशय नेमका भटक्यांवरच का जातो, हाही अभ्यासाचाच विषय.) त्याच रात्री आपल्या मालेगावात तसल्याच अफवेवरून एका कुटुंबाला घेरलं होतं, सोबत दोन वर्षांचं मूल. तिथल्याच लोकांनी त्यांना घरात घेतलं, पोलिसांनी जमावाला तोंड देत बाहेर काढलं. सगळे वाचले. नाशिकच्या एखाद्या समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याने त्या गल्लीत जाऊन विचारावं: दार कोणी उघडलं, शेजारी काय म्हणाले, नंतर त्या घराशी लोक कसे वागले.

सर्वोच्च न्यायालयाने १७ जुलै २०१८ च्या निकालात झुंडबळी रोखण्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात किमान अधीक्षक दर्जाचा नोडल अधिकारी नेमायला सांगितलं आहे. नाशिक शहर आणि ग्रामीणसाठी हे अधिकारी कोण, कार्यालयाचा फोन कोणता, एवढं आपण ठळक छापावं. कात्रण टेबलावर चिकटवून ठेवतो, विचारणारे येतातच.

आपला,
एक अर्जलेखक, नाशिक