कर्दळीच्या पानावरची नक्षी आधी नीट पाहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत बागकामाच्या पानावर पिवळ्या रेघा पडलेल्या कर्दळीच्या पानाचा फोटो होता. खाली सल्ला असा, की मॅग्नेशियम सल्फेट लिटरला ५ ग्रॅम घेऊन फवारा आणि पावसाच्या आधी गड्डे फोडून नव्या कुंड्या भरा. फवारणीने नुकसान काही नाही, फायदाही नाही. पण गड्डे फोडण्याचा सल्ला महागात पडेल. फोटोतल्या रेघा तुटक आहेत, उपशिरांना धरून धावतात, पानाच्या एका अंगाला दाट आणि दुसऱ्या अंगाला विरळ आहेत, आणि दोन ठिकाणी रेघ तपकिरी होऊन वाळली आहे. अशा पानावर पहिला संशय विषाणूचा घ्यायचा असतो. विषाणू गड्ड्यातही असतो, त्यामुळे एक रोगट कर्दळ फोडली की चार रोगट कर्दळी होतात. विषाणूवर झाडाला देता येईल असे औषध नाही.

फरक डोळ्यांनी बराचसा कळतो, फक्त पाहायची पद्धत हवी. भर उन्हात पाहू नये, चकाकीत फिकट ठिपके दिसतच नाहीत. सकाळी सावलीत वरची तीन पाने घ्यावीत आणि एकेक आकाशाकडे धरून खालच्या बाजूने पाहावे. उजेड आरपार येतो आणि नक्षी उठून दिसते. मग मधल्या शिरेच्या दोन्ही बाजू ताडून पाहाव्यात. मॅग्नेशियम कमी पडले तर पिवळेपणा आधी खालच्या जुन्या पानांवर येतो. लोह कमी पडले तर वरच्या कोवळ्या पानांवर येतो, बारीक शिरा हिरव्या राहतात आणि मधली जागा पिवळी पडते. पण दोन्हींत पानाची डावी-उजवी बाजू साधारण सारखीच असते. विषाणूला अशी शिस्त नसते. कुठे ठिपका, कुठे फराटा, एक पान भरलेले तर पुढचे जवळजवळ कोरे. त्यातच पान एका अंगाला ओढलेले, पिळवटलेले किंवा सुरकुतलेले असेल, किंवा फुलाच्या पाकळीवर नसता फिका पट्टा उमटला असेल, तर संशय बळावतो.

यात फसवणारेही आहेत. फुलकिड्यांनी खरवडलेले पान चंदेरी दिसते. कोळी ही बारीक कीड असेल तर धुळीसारखे ठिपके पडतात. पान पांढऱ्या कागदावर झटकले की हलणारे ठिपके दिसतात आणि प्रश्न मिटतो. उन्हाचा चटका फक्त उघड्या भागावर बसतो आणि तिथले पान कागदासारखे वाळते. शेजारच्या शेतातून तणनाशकाचा वारा आला असेल तर पाने चिंचोळी, वेडीवाकडी होतात, पण त्यानंतर फुटणारी पाने हळूहळू सुधारतात. शंका राहिलीच तर झाडाला खुणेचा दोरा बांधून ठेवावा, चिलेटेड लोह (झाडाला सहज घेता येईल अशा रूपातले लोह) लिटरला १ ग्रॅम फवारावे आणि तीन आठवडे थांबावे. लोहाचा प्रश्न असेल तर नवे पान हिरवे येते. तुटक नक्षी नव्या पानावरही आली तर ते झाड खताच्या वाटेने सुधारणार नाही.

एक अडचण मात्र खरी आहे. कडक उन्हाळ्यात कित्येक विषाणूंची लक्षणे दबतात. आपल्याकडे गड्ड्यांची देवाणघेवाण नेमकी मे अखेर ते मृगाच्या आसपास होते, म्हणजे झाड सर्वांत साळसूद दिसते तेव्हा. म्हणून दोरे फेब्रुवारी-मार्चमध्येच बांधून ठेवावेत आणि दोरा असलेल्या झाडाचा गड्डा कुणालाही देऊ नये. महापालिकेच्या उद्यान विभागालाही हे लागू आहे. दुभाजकांत आणि सांडपाणी शुद्धीकरणाच्या वाफ्यांत कर्दळ भरताना बहुधा एकच जुना वाफा फोडून सगळा रस्ता भरला जातो. तो वाफा आधी एकदा चालत जाऊन पाहायला अर्धा तास पुरतो.

सध्या चट्टेपट्टे असलेल्या ‘व्हेरिगेटेड’ झाडांना जो भाव आला आहे, त्यामुळे गुंता वाढला आहे. थंड देशांत होस्टा नावाचे सावलीत वाढणारे झाड घरोघरी असते. तिकडचे मराठी वाचक ते रोज पाहत असतील. होस्टावर येणारा ‘होस्टा व्हायरस एक्स’ १९९६ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात ओळखला गेला. पण त्याने उमटवलेली नक्षी लोकांना इतकी आवडली, की ‘ब्रेकथ्रू’, ‘लेपर्ड फ्रॉग’, ‘लुनसी’ अशा नावांनी रोगट झाडेच नवा वाण म्हणून विकली गेली. पिवळसर पानावर शिरांच्या कडेने गडद हिरवा रंग शाई फुटल्यासारखा पसरतो आणि त्या जागी पान उंचसखल होते, ही त्याची खूण. कधी लागण झाल्यावर वर्षभर, त्याहूनही अधिक काळ काहीच दिसत नाही. या विषाणूला कीटक लागत नाही. रोगट झाड कापलेल्या सुरीवरचा रस निरोगी झाडाच्या जखमेला लागला की काम झाले. गड्डे फोडून विकणाऱ्या धंद्यात तो का पसरला, हे वेगळे सांगायला नको. हॉलंडमधल्या सतराव्या शतकातल्या महागड्या पट्टेदार ट्यूलिपच्या रंगामागेही विषाणूच होता. तेव्हा ते कुणाला ठाऊक नव्हते, आपल्याला आहे.

जातिवंत पट्टेदार कर्दळही असते. ‘बंगाल टायगर’चे पिवळे पट्टे मधल्या शिरेपासून कडेपर्यंत न तुटता जातात आणि झाडाच्या प्रत्येक पानावर तीच नक्षी असते. रोपवाटिकेत ‘दुर्मीळ वाण’ म्हणून काही दाखवले तर एक पान पाहून भुलू नये, खालपासून वरपर्यंत सगळी पाने पाहावीत.

आता हत्यारांविषयी, कारण इथेच सर्वाधिक हयगय होते. सिकेटर (छाटणीची कात्री) आणि खुरपे नुसते पाण्यात बुचकळून भागत नाही. आधी माती आणि चिकट रस साबणाने घासून काढावा, कारण घाणीखालच्या पात्यापर्यंत औषध पोहोचत नाही. मग एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी असे ताजे द्रावण करून पाते त्यात बुडवून ठेवावे, धुवावे, पुसावे आणि तेलाचा हात फिरवावा, नाहीतर गंज चढतो. स्पिरिटचा बोळा फिरवून समाधान मानू नये, तंबाखूच्या मोझॅकसारखे (पानावर फिकट-गडद ठिपक्यांची नक्षी उमटवणाऱ्या रोगासारखे) चिवट विषाणू त्याला दाद देत नाहीत. हातांसाठी साबण. मिरची-टोमॅटोची रोपे हाताळताना १०० मिली पाण्यात २० ग्रॅम साय काढलेल्या दुधाची पावडर कालवून त्यात बोटे बुडवण्याचा उपाय जुना आणि खात्रीचा आहे. तंबाखू मळून तसेच रोपांना हात लावणाऱ्या माळीबुवांना हे जरूर सांगावे, तंबाखूच्या मोझॅकचा विषाणू तंबाखूच्या पुडीतूनही येऊ शकतो. काम नेहमी निरोगी झाडांपासून सुरू करावे, दोरा बांधलेली झाडे शेवटी.

झाड काढायचे ठरले तर गड्ड्याचा तुकडाही मातीत ठेवू नये, बोटाएवढा तुकडा पुन्हा फुटतो. गड्डे प्लास्टिकवर उन्हात खडखडीत वाळवून कचऱ्यात द्यावेत, कंपोस्टमध्ये नकोत. त्या जागी लगेच कर्दळ लावू नये. चुकून राहिलेले तुकडे फुटतील ते उपटत एक पावसाळा जाऊ द्यावा.

कीटकनाशकाचा भरवसाही बेताचाच. मावा ज्या विषाणूंची ने-आण करतो, त्यांतले बरेच त्याच्या सोंडेच्या टोकावरून जातात आणि त्याने दोन-चारदा सोंड खुपसली की पोहोचतात. औषधाने मावा मरेल, पण तोवर त्याने आपले काम उरकलेले असते. भेंडीच्या केवड्याचे, म्हणजे पानांच्या शिरा पिवळ्या पडणाऱ्या रोगाचे, तसे नाही. तिथे पांढऱ्या माशीला रोगट झाडावर बराच वेळ रस ओढावा लागतो आणि विषाणू तिच्या अंगातून फिरून येतो, म्हणून बारीक जाळी, चिकट पिवळे सापळे आणि रोगट झाड लवकर उपटणे यांचा उपयोग होतो. जाता जाता, मक्याच्या रोगालाही केवडाच म्हणतात. तो बुरशीसारख्या सूक्ष्मजीवाचा, भेंडीचा विषाणूचा. नाव एक म्हणून भेंडीवर बुरशीनाशक मारणारे दरवर्षी भेटतात.

सोसायटीतल्या चार कर्दळींसाठी प्रयोगशाळा गाठायची गरज नाही, संशयित झाड वेगळे ठेवले किंवा काढले की झाले. विक्रीसाठी रोपे तयार करणाऱ्यांनी मात्र मातृवाफ्याची (ज्या वाफ्यातून रोपे काढतात त्याची) चाचणी करून घ्यावी. राहुरी, दापोली, अकोला, परभणी या चारही कृषी विद्यापीठांत वनस्पती रोगशास्त्राचे विभाग आहेत.

हेच सगळे परसातल्या अळूलाही लागू आहे. अळूच्या पानावर शिरांलगत पिसासारखी फिकट नक्षी दिसते, ती बहुधा मोझॅकची. एक-दोन पानांवर येते आणि पुढची पाने स्वच्छ निघतात, म्हणून झाड बरे झाले असे वाटते. ते बरे झालेले नसते, अळकुडीत विषाणू तसाच असतो. वनस्पतींचे विषाणू माणसाला बाधत नाहीत, तेव्हा अशा पानांचे फदफदे खुशाल करावे. अळकुडी मात्र शेजारी देऊ नये.

आपला,
एक वाचक, पुणे