ओक पडला, पण कसा?

महोदय,

रविवारच्या पुरवणीतील युरोपच्या ख्रिस्तीकरणावरचा लेख वाचला. आठव्या शतकात इंग्लंडहून जर्मनीत धर्मप्रसाराला गेलेल्या संत बोनिफेसने तिथल्या गाइस्मार गावचा, मूर्तिपूजकांना पवित्र असलेला ओक वृक्ष तोडला आणि जमलेले लोक तिथल्या तिथे ख्रिस्ती झाले, हे त्यात सरळ इतिहास म्हणून आले आहे. ही कथा विलिबाल्ड या धर्मगुरूने लिहिलेल्या चरित्रातली. बोनिफेस मारला गेला ७५४ साली, चरित्र त्यानंतरचे. त्यात कुऱ्हाडीचा घाव लागतो न लागतो तोच वरून वाऱ्याचा झोत येतो, झाडाचे सारखे चार तुकडे होतात आणि आतापर्यंत शिव्याशाप देणारे देवाचे गुण गाऊ लागतात. लाकूडही फुकट जात नाही, त्यातून संत पीटरच्या नावाचे प्रार्थनागृह उभे राहते! फ्रान्समधल्या तूर शहराच्या संत मार्टिनच्या कितीतरी आधीच्या चरित्रातही असेच एक झाड पडते. चरित्रकारांकडे साचे तयारच असत.

बोनिफेसचा पत्रव्यवहार मात्र वेगळे सांगतो. इंग्लंडमधल्या विंचेस्टरचे बिशप डॅनियल त्याला सुचवतात, की मूर्तिपूजकांच्या देवांची वंशावळ लगेच खोडू नका. देव जन्माला आले, तर त्याआधी जग कोण चालवत होते, एवढे विचारा, तेही न डिवचता. पुढे बोनिफेस स्वतःच त्यांना कळवतो, की तिथे सत्ता असलेल्या फ्रँक लोकांच्या राज्यकर्त्याच्या पाठबळाशिवाय मूर्तिपूजा थांबवणे आपल्याच्याने होणार नाही. झाडाच्या प्रसंगात हा राज्यकर्ता कुठेच दिसत नाही. लेखाच्या पुढच्या भागात ही पत्रेही यावीत, ही विनंती.

— एक वाचक, ठाणे