मा. गृहमंत्र्यांना खुले पत्र : वाळीत टाकणे ही श्रद्धा नव्हे

मा. गृहमंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,

आमच्या गावात एका घराने पालखीची वर्गणी देण्यास नकार दिला. त्यांनी देवाची निंदा केली नव्हती, आमचा आता यावर विश्वास उरलेला नाही एवढेच सांगितले होते. गावकीने बैठक घेऊन ते घर वाळीत टाकले आणि त्यांच्याशी जो बोलेल त्याला दंड लावला. त्या घरातली म्हातारी दळणाचा डबा घेऊन गिरणीवर आली तेव्हा गिरणीचा पट्टा फिरत होता, तरीही गिरणीवाला खाली मान घालून "लाइट नाही" म्हणाला. मी त्याच रांगेत उभा होतो आणि गप्प राहिलो, ही बोच अजून जात नाही.

गावकी म्हणते, हा आमच्या श्रद्धेचा प्रश्न आहे. परंतु संविधानाच्या अनुच्छेद २५ ने सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य प्रत्येक व्यक्तीला दिले आहे, तेही सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन राहून. मग पालखी खांद्यावर घेणाऱ्याला जे स्वातंत्र्य आहे, तेच ती न घेणाऱ्यालाही आहे. मुंबई राज्याने १९४९ मध्ये बहिष्कारविरोधी कायदा केला होता. धार्मिक कारणावरून समाजाबाहेर काढणे हा पंथाच्या स्वायत्ततेचा भाग मानून सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये तो बहुमताने रद्द ठरवला, पण सरन्यायाधीश भुवनेश्वर प्रसाद सिन्हा यांनी त्याविरुद्ध मत नोंदवले होते, आणि मला आजही तेच न्याय्य वाटते. पंथाने आपले विधी कसे करावेत हे पंथाने जरूर ठरवावे. म्हातारीचे दळण अडवणे हा कोणता विधी?

२०१६ च्या सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. तरीही त्या घरातला मुलगा तक्रार द्यायला गेला तेव्हा "गावाशी जुळवून घ्या" असे सांगून त्याला परत पाठवण्यात आले. या कायद्याखाली तडजोड पीडिताच्या संमतीने आणि न्यायालयाच्या परवानगीनेच होऊ शकते, ठाण्यातल्या बाकावर नव्हे.

म्हणून माझी विनंती आहे की, अशी तक्रार आल्यास गुन्हा नोंदवून घ्यावा, असे लेखी आदेश प्रत्येक ठाण्याला द्यावेत, कायद्यात तरतूद असलेल्या प्रतिबंधक अधिकाऱ्याचे नाव आणि दूरध्वनी क्रमांक प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावा, आणि दाखल गुन्ह्यांची जिल्हावार संख्या दरवर्षी विधिमंडळासमोर ठेवावी. ते घर आजही दळण शेजारच्या गावाहून आणते.

आपला,
त्याच गावातील एक रहिवासी